शेजारभाषेतील ‘नवे’ पुस्तक : कन्नड-मराठी ग्रंथव्यवहाराचा एक आढावा

एखादे पुस्तक नवे केव्हा ठरते, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे आहे. आतील पानावर छापलेले प्रकाशनवर्ष पाहिले की काम भागते. परंतु एका भाषेतील पुस्तक दुसऱ्या भाषेच्या वाचकापर्यंत जाते तेव्हा हे वर्ष फारसे उपयोगी पडत नाही. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. मराठी अभ्यासकांनी पचवलेला, त्यावर वाद घालून झालेला हा ग्रंथ इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने २७ वर्षांनी नवा झाला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ चा. येथे अंतर ३७ वर्षांचे आहे.

इंग्रजी ही दूरची भाषा असल्यामुळे हा विलंब समजण्यासारखा आहे. मात्र मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर, कारवार या पट्ट्यात या दोन्ही भाषा शतकानुशतके एकाच घरात, एकाच बाजारपेठेत बोलल्या जात आहेत. ‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘अण्णा’, ‘अक्का’ यांसारखे कानडी वळणाचे शब्द मराठी माणूस आपलेच म्हणून वापरतो. असे असताना कन्नडमध्ये आज काय लिहिले जात आहे याची वार्ता मराठी वाचकाला कशी, किती आणि कोणत्या वाटेने मिळते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखात ‘नवी पुस्तके’ आणि ‘येऊ घातलेली पुस्तके’ या संज्ञा शेजारभाषेच्या संदर्भात वापरल्या आहेत. मूळ भाषेत प्रसिद्ध झालेले, परंतु शेजारच्या भाषेच्या वाचनविश्वात अद्याप न रुजलेले पुस्तक हे तेथील वाचकाच्या दृष्टीने येऊ घातलेलेच असते. कथात्म साहित्य, नाटक, इतिहास आणि वैचारिक लेखन या चार प्रकारांचा या दृष्टीने विचार केला असता असे आढळते की, प्रत्येक प्रकाराचा सीमा ओलांडण्याचा वेग निराळा आहे आणि त्यामागची कारणेही निराळी आहेत.

कथा-कादंबरी : व्यक्तीच्या बळावर चालणारा व्यवहार

कन्नड कादंबरी मराठी वाचकाला परकी वाटत नाही, याचे श्रेय प्रामुख्याने अनुवादकांच्या एका लहान गटाकडे जाते. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’, ‘मंद्र’, ‘आवरण’ यांसारख्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. शिवराम कारंत आणि पूर्णचंद्र तेजस्वी यांचे लेखनही त्यांच्यामुळे मराठीत आले. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड मजकूर वाचून द्यायचा आणि उमा कुलकर्णी यांनी तो मराठीत उतरवायचा, ही या दांपत्याची कार्यपद्धती सर्वश्रुत आहे. उमा कुलकर्णी यांच्या ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनाच्या शीर्षकातच अनुवाद हा संवादाचा एक प्रकार असल्याची जाणीव दिसते. उलट दिशेने, म्हणजे मराठीतून कन्नडमध्ये, विरूपाक्ष कुलकर्णी आणि चंद्रकांत पोकळे यांच्यासारख्या अनुवादकांनी असेच काम केले आहे.

भैरप्पा यांना ‘मंद्र’ या कादंबरीसाठी २०१० चा सरस्वती सन्मान मिळाला. हिंदुस्थानी संगीताच्या जगावरील ही कादंबरी धारवाड, मिरज, पुणे, मुंबई या संगीतपट्ट्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला जवळची वाटावी यात आश्चर्य नाही. २४ सप्टेंबर २०२५ रोजी बंगळूर येथे भैरप्पा यांचे निधन झाले. मराठीत ज्यांची वाट पाहिली जावी असा कन्नड कादंबरीकार आज कोण, या प्रश्नाला त्यानंतर अधिक महत्त्व आले आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द बंगळूर शहरात मिळते. विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही लघुकादंबरी २०१३ मध्ये कन्नडमध्ये आली. मसाल्याच्या धंद्यातून अचानक हाती आलेला पैसा एका मध्यमवर्गीय कुटुंबाचे परस्परसंबंध कसे बदलून टाकतो, याचे चित्रण तीत आहे. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादाने ती जगभर पोहोचली. शानभाग यांची ‘सकीनाळ मुत्तु’ ही पुढील कादंबरी २०२१ ची असून तिचा पेरूर यांनीच केलेला इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये आला. ‘मुत्तु’ या कन्नड शब्दाला ‘मोती’ आणि ‘चुंबन’ असे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजी शीर्षकात त्यांपैकी चुंबनाचा एकच अर्थ घेता आला. मराठीतील ‘मुका’ या शब्दालाही दोन अर्थ आहेत, पण ते वेगळेच. अनुवादकाची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते, आणि इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या अनुवादात मूळ शब्दातील ही दुहेरी छटा अनुवादकाच्या नजरेलाही पडण्याची शक्यता कमी असते.

बानू मुश्ताक यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. हासन येथे वकिली करणाऱ्या या लेखिकेच्या बारा कथांचा ‘हार्ट लॅम्प’ हा दीपा भास्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२५ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाचा मानकरी ठरला. कन्नड साहित्याला हा सन्मान प्रथमच मिळाला आणि कथासंग्रहालाही तो प्रथमच मिळाला. या कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या आहेत. कन्नडमधील बंडाय चळवळीशी बानू मुश्ताक यांचे नाते होते, आणि ही चळवळ मराठीतील दलित व विद्रोही साहित्याशी सहोदर म्हणावी अशी आहे. तरीही बहुतांश मराठी वाचकांना बानू मुश्ताक हे नाव लंडनहून आलेल्या बातमीतून कळले. हासनहून कोल्हापूरला येणारी वाट लंडनमार्गे जावी, ही परिस्थिती दोन शेजारभाषांच्या व्यवहाराविषयी पुरेसे सांगून जाते.

नाटक : सर्वांत वेगवान प्रवासी

चारही प्रकारांत सीमा सर्वांत लवकर ओलांडते ते नाटक. याला परंपरेचा आधार आहे. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेले आहे. ज्यांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत रंगभूमीचा पाया घातला ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पुढे याच संगीत नाटकाने कन्नड नाटक कंपन्यांवर आपली छाप उमटवली. देणे आणि घेणे असे दोन्ही बाजूंनी घडले.

आधुनिक काळात या देवघेवीचे केंद्र गिरीश कर्नाड होते. माथेरान येथे १९३८ मध्ये जन्मलेले, कोकणी मातृभाषा असलेले आणि कन्नडमध्ये लिहिणारे कर्नाड मराठी रंगभूमीला सहज आपले वाटले. त्यांच्या ‘तुघलक’चा (१९६४) मराठी अनुवाद विजय तेंडुलकर यांनी केला, तर ‘हयवदन’चा (१९७१) चिं. त्र्यं. खानोलकर यांनी. दोघेही स्वतः अव्वल दर्जाचे नाटककार असल्याने ही नाटके मराठीत दुय्यम वाटली नाहीत.

कर्नाडांचे ‘बेंद काळु ऑन टोस्ट’ (२०१२) हे नाटक थेट बंगळूर शहरावर आहे. वीरबल्लाळ राजाला एका म्हातारीने उकडलेले दाणे खायला दिले आणि त्यावरून गावाला ‘बेंदकाळूरु’ हे नाव पडले, ही बंगळूरच्या नावाविषयीची दंतकथा शीर्षकात आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या काळात वाढत गेलेले हे शहर, त्यात येऊन पडलेली माणसे आणि त्यांचे तुटत जाणारे संबंध हा नाटकाचा विषय. प्रदीप वैद्य यांनी त्याचे ‘उणे पुरे शहर एक’ हे मराठी रूप केले आणि मोहित टाकळकर यांनी पुण्याच्या ‘आसक्त’ संस्थेसाठी ते दिग्दर्शित केले. मराठीत येताना नाटकाने बंगळूर सोडून पुण्यात मुक्काम केला. मूळ नाटक प्रसिद्ध झाल्यावर अल्पावधीतच हे घडले. कादंबरीच्या बाबतीत असा वेग क्वचितच दिसतो.

यामागचे कारण शोधणे कठीण नाही. नाटकाला संस्था लागते, दिग्दर्शक लागतो, नट लागतात, आणि या सर्वांना नव्या संहितेची सतत गरज असते. मागणी करणारा घटक तेथे आधीपासूनच उभा असतो. ज्या संहितांना प्रयोगाचा आधार राहिला नाही त्यांचे काय झाले, हे तंजावरच्या उदाहरणातून दिसते. तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) मराठी नाटके लिहिली. भाव्यांच्या पूर्वी दीडशे वर्षे लिहिलेली ही नाटके सरस्वती महाल ग्रंथालयाच्या हस्तलिखितांत राहिली आणि मराठी अभ्यासकांसमोर विसाव्या शतकात आली. मराठी नाटकाच्या आरंभाचा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारावा लागला.

कर्नाडांचे शेवटचे नाटक ‘राक्षस तंगडी’ २०१८ चे. १५६५ च्या तालिकोट येथील लढाईवरील या नाटकाचे इंग्रजी रूप २०१९ मध्ये आले. त्याच वर्षी १० जून रोजी बंगळूर येथे कर्नाडांचे निधन झाले. त्यांचे ‘आडाडता आयुष्य’ हे आत्मचरित्र धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने २०११ मध्ये प्रसिद्ध केले होते. शीर्षक द. रा. बेंद्रे यांच्या कवितेतून घेतलेले; बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांनी मराठीतही लेखन केले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने इंग्रजी अनुवादाच्या कितीतरी आधी आला. इंग्रजी वाचकाला २०२१ पर्यंत थांबावे लागले. शेजारभाषा मनावर घेतील तर जगाच्या पुढे असू शकतात, याचे हे उदाहरण होय.

इतिहास : एक शहर, दोन ग्रंथ

इतिहासलेखनात परिस्थिती वेगळी आहे. याचा नमुना म्हणून बंगळूरचाच सतराव्या शतकातील इतिहास पाहता येईल. रणदुल्लाखानाच्या कर्नाटकावरील स्वारीनंतर १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यानंतर सुमारे अर्धशतक हे शहर भोसले घराण्याच्या ताब्यात राहिले. मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिराशी संबंधित १६६९ चा शिलालेख एकोजीराजांच्या कारकिर्दीची साक्ष देतो. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले.

या काळाचे दोन महत्त्वाचे वाङ्मयीन साधनग्रंथ आहेत. पहिला जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबाराचे चित्र त्यात असून संस्कृतखेरीज अनेक देशी भाषांतील रचना त्यात आहेत. जयरामाला बारा भाषा अवगत होत्या असे सांगितले जाते. वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा ग्रंथ गोविंद वैद्य यांचे ‘कंठीरव नरसराज विजय’ हे १६४८ चे कन्नड काव्य. म्हैसूरचा राजा कंठीरव नरसराज याने रणदुल्लाखानाच्या सैन्याला श्रीरंगपट्टण येथे कसे परतवले, याचे वर्णन त्यात येते.

ज्या मोहिमांतून शहाजीराजांना बंगळूर मिळाले त्याच मोहिमांची दुसरी बाजू या कन्नड काव्यात आहे. हे दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचणे इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक आहे. दोन्ही ग्रंथ राजस्तुतिपर आहेत. म्हणूनच एकाची अतिशयोक्ती दुसऱ्यावरून तपासता येते. प्रत्यक्षात मराठी इतिहासलेखन जयरामावर आणि कन्नड इतिहासलेखन गोविंद वैद्यांवर प्रामुख्याने विसंबते. दरम्यान दख्खनच्या इतिहासावरील लक्षवेधी नवे ग्रंथ इंग्रजीत येत राहिले. रिचर्ड ईटन यांचे ‘अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन’ (२००५), मनू पिल्लै यांचे ‘रिबेल सुल्तान्स’ (२०१८) आणि मोडी लिपी व कारकुनी लेखनव्यवहार यांवरील प्राची देशपांडे यांचे ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ ही त्यांची उदाहरणे. दख्खनचा समग्र इतिहास वाचण्यासाठी दख्खनच्या वाचकाला इंग्रजीकडे वळावे लागते.

शं. बा. जोशी यांच्यासारख्या विद्वानांनी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून ही दरी बुजवण्याचा प्रयत्न केला होता. ढेरे यांनी विठ्ठल, खंडोबा आणि लज्जागौरी यांचा शोध घेताना कर्नाटकातील साधनांचा सातत्याने विचार केला. विठ्ठलाचे कानडेपण हा केवळ भावनेचा विषय राहिला नाही तो या अभ्यासामुळे. दोन्ही भाषांतील साधने मुळातून वाचू शकणारे संशोधक आज किती घडत आहेत, हा विद्यापीठांनी विचारात घ्यावा असा प्रश्न आहे.

वैचारिक लेखन : न पोहोचणारी वार्ता

येथे साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची अलीकडची यादी उपयुक्त ठरते. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत मराठीसाठी पुरस्कार मिळालेली पुस्तके अशी : किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह, प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ ही कादंबरी, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी आणि सुधीर रसाळ यांचा ‘विंदांचे गद्यरूप’ हा समीक्षाग्रंथ. चारपैकी तीन पुस्तके कथात्म साहित्याची आहेत आणि ती तिन्ही दक्षिण महाराष्ट्र व तळकोकण या कर्नाटक-गोव्यालगतच्या प्रदेशातील लेखकांची आहेत.

याच चार वर्षांत कन्नडसाठी पुरस्कार मिळालेली पुस्तके पाहावीत : डी. एस. नागभूषण यांचे ‘गांधी कथन’ हे गांधीचरित्र, मुडनाकुडु चिन्नस्वामी यांचा ‘बहुत्वद भारत मत्तु बौद्ध तात्विकते’ हा लेखसंग्रह, लक्ष्मीश तोळपाडी यांचा ‘महाभारत अनुसंधानद भारतयात्रे’ हा निबंधग्रंथ आणि के. व्ही. नारायण यांचा ‘नुडिगळ अळिवु’ हा समीक्षाग्रंथ. चारही पुस्तके वैचारिक गद्याची आहेत. त्यांत एकही कादंबरी वा कथासंग्रह नाही.

पुरस्कार हा गुणवत्तेचा एकमेव निकष नव्हे, आणि चार वर्षांचा अवधी तसा अल्प आहे. तरीही यातून एक विसंगती स्पष्ट होते. कन्नडमधून मराठीत येण्याची रुळलेली वाट कादंबरीची आणि नाटकाची आहे. कन्नडमधील सध्याचे मान्यताप्राप्त लेखन मात्र चरित्र, तत्त्वचिंतन आणि भाषाविचार या प्रांतांत आहे. मराठी वाचकाला कन्नडमधील नवी कादंबरी उशिरा का होईना भेटते. नवा विचार भेटण्याची व्यवस्था मात्र नाही. ‘नुडिगळ अळिवु’ या शीर्षकाचा अर्थ ‘बोलींचा ऱ्हास’ असा होतो. भाषांचे क्षीण होणे हा विषय मराठीत सतत चर्चिला जातो. कन्नडला २००८ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. समान चिंता आणि समान दर्जा असलेल्या दोन भाषांनी याविषयी एकमेकींचे म्हणणे न ऐकता विचार करावा, हे दोहोंच्या हिताचे नाही.

व्यक्तीकडून संस्थेकडे

वरील विवेचनावरून चारही प्रकारांतील विलंबाची कारणे वेगळी करता येतात. नाटकाला रंगसंस्थेची मागणी मिळते म्हणून ते लवकर येते. कादंबरीला निष्ठावंत अनुवादक आणि धंदा पाहणारा प्रकाशक मिळाला की ती येते. इतिहास व वैचारिक लेखन यांना वाचक मर्यादित, विषयाची जाण असलेला अनुवादक दुर्मीळ आणि प्रकाशकाला परतावा अनिश्चित. म्हणून या प्रकारांत संस्थेचा आधार अपरिहार्य ठरतो.

संस्था काय करू शकते याचे उदाहरण बंगळूरमध्येच आहे. बसव समितीने एम. एम. कलबुर्गी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या वचनांच्या बृहद्संग्रहाचे अनुवाद हाती घेतले आणि २०१७ मध्ये २३ भाषांतील अनुवाद प्रकाशित झाले. कोणत्याही एका अनुवादकाच्या आयुष्यात हे काम झाले नसते. कर्नाटक शासनाचे कुवेंपु भाषा भारती प्राधिकार हेही अनुवादासाठीच आहे. साहित्य अकादमीच्या रचनेत मराठी मुंबई कार्यालयाकडे आणि कन्नड बंगळूर कार्यालयाकडे येते. प्रशासनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली तरी दोन भाषांच्या जोडकामासाठी स्वतंत्र योजना आखावी लागते.

विद्यापीठांतील भाषा-अध्यासनांना या ठिकाणी करण्याजोगी तीन कामे दिसतात. पहिले, शेजारभाषेत त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निवडक ग्रंथांची परिचयासह वार्षिक सूची. तीत कथात्म साहित्याबरोबर इतिहास, चरित्र आणि समीक्षा यांना समान स्थान असावे. दुसरे, एका कन्नड आणि एका मराठी अभ्यासकाने मिळून करावयाचे अनुवाद. कुलकर्णी दांपत्याने घरात उभारलेली कार्यपद्धती संस्थेत राबवणे अशक्य नाही. तिसरे, जयराम पिंड्ये आणि गोविंद वैद्य यांसारख्या समकालीन साधनग्रंथांच्या जोडआवृत्त्या, म्हणजे एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरा, व दोन्ही भाषांत टिपा.

पहिल्या कामाला खर्च जवळपास नाही. दोन्ही भाषा वाचणारा एक संशोधन-साहाय्यक आणि वर्षाकाठी तीस-चाळीस पानांची जागा एवढेच त्यास पुरे आहे. उरलेली दोन कामे सूचीच्या आधाराने पुढे जातील, कारण कोणते पुस्तक आधी आणायचे हे ठरवण्यासाठी कोणती पुस्तके आहेत हे प्रथम माहीत असावे लागते. बानू मुश्ताक यांच्या कथांची अशी नोंद नव्वदच्या दशकात एखाद्या मराठी सूचीत झाली असती, तर त्यांच्या मराठी अनुवादाला २०२५ च्या बातमीची वाट पाहावी लागली नसती.